मोल्टोयच्या चिखलातलं तेल

१

आल्फदिसच्या डिझेल पंपावर सरकारी पाटी लागली त्या दुपारी मी खुर्चीत निवांत पडलो होतो आणि माझी बायको बोर्गनी वॅफल करत होती. फेरी बोटीवरची नोकरी संपल्यापासून माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या दिवशी घरात वॅफल होतात त्या दिवशी जगात दुसरं काही घडू नये. पण मोल्टोय बेट माझं कधी ऐकतं?

आल्फदिस थेट स्वयंपाकघरात आली. अंगावर दुकानातला एप्रन तसाच होता. बेटावरचं एकुलतं एक दुकान तिचं, आणि समोरच्या धक्क्यावरचा डिझेल पंपही तिचाच. पीठ, कॉफी आणि चीज विकून तिचं काही भागत नाही. बोटी डिझेलला येतात म्हणून दुकान चालतं, हे बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"सोमवारी पंपाला सील लावणार," ती म्हणाली. "पंप गेला की दुकान गेलं. मग मी तरी इथे काय करू? बहिणीकडे जाईन मुख्य भूमीवर, तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून मोटारी बघत बसेन."

"आधी बस," बोर्गनी म्हणाली. "आणि नीट सांग. आस्लाक, तिला कॉफी दे."

मी उठलो. वॅफल थंड होणार हे मला तेव्हाच कळलं.

हकिकत अशी होती. आमच्या खाडीत शिंपल्यांची शेती करणाऱ्या तोर्मुनला महिन्यापूर्वी किनाऱ्याजवळ पाण्यावर रंगीत तवंग दिसला. त्याने तक्रार केली. मुख्य भूमीवरच्या कार्यालयातून मायकेन नावाची बाई आली, तिने खाडीच्या तळाचा चिखल बरण्यांतून नेला आणि प्रयोगशाळेत तपासला. चिखलात तेल निघालं. बंदराच्या आतल्या भागात सगळ्यात जास्त, आणि जसजसं बाहेर समुद्राकडे जावं तसतसं कमी. अशा वेळी बोट कुणाकडे दाखवायचं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

"पण ऐक ना," आल्फदिस म्हणाली, "पंपाच्या अगदी खालचा चिखल मात्र स्वच्छ निघाला."

"मग तर तू सुटलीस," मी म्हणालो.

"कसली सुटतेय? तोर्मुन सगळ्यांना सांगत फिरतोय, की मी पंपाखालचा चिखल गुपचूप उपसून टाकला. पुरावा मिटवायला. मी, आस्लाक. गुडघेदुखीमुळे मला बटाट्याचं पोतं उचलवत नाही, आणि मी समुद्राचा तळ साफ केला."

बोर्गनीने वॅफलचं यंत्र बंद केलं. या बाईने आयुष्यभर विद्यापीठात एकच काम केलं, समुद्राच्या तळाच्या चिखलात जे तेलकट सापडतं ते कुठून येतं हे शोधायचं. निवृत्त होऊन बेटावर परतताना तिने मला शब्द दिला होता, की यापुढे चिखलाचं नाव काढणार नाही.

"आस्लाक," ती म्हणाली, "माझे बूट कुठे आहेत?"

२

मायकेन सभागृहामागच्या खोलीत उतरली होती. पस्तिशीची, नीटनेटकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोर्गनीला बघून ती चटकन उभी राहिली.

"तुमची व्याख्यानं मी ऐकली आहेत. तुम्ही इथल्या आहात हे माहीत नव्हतं. मला हे सील लावायला आवडतंय असं समजू नका."

"तसं कोण म्हणतंय? मला फक्त आलेख दाखव."

तिने कागद टेबलावर पसरला. मला त्यात एक सरळ रेघ आणि दोन उंच सुळके दिसले. बोर्गनी मात्र लग्नाचा जुना फोटो मिळाल्यासारखी त्यावर वाकली. मग माझ्याकडे वळली, कारण तिला कुणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय विचार करता येत नाही.

"हे बघ. ज्यात असलं तेलकट काही नाही असा समुद्राचा चिखलच नसतो. झाडांच्या पानांवर मेण असतं, ते पावसाबरोबर वाहून येतं. शेवाळ आपलं आपण बनवतं. थोडं चुलीच्या धुरातून येतं. आणि खोल जमिनीखाली लाखो वर्षं मंद आचेवर शिजून जे होतं, ते खनिज तेल. डिझेल त्यातलंच."

"मग चिखलात आल्यावर ओळखायचं कसं कोण कुठलं?"

"वागण्यावरून. खनिज तेल म्हणजे वरात. लहान, मोठे, लंगडे, सगळे ओळीने हजर, मध्ये कुणी गाळलेला नाही. सजीव मात्र चोखंदळ असतो. त्याला हवं तेवढंच बनवतो. आता बघ, इथे वरात दिसते?"

"दोन माणसं दिसतात."

"दोनच. हा पहिला प्रिस्टेन. खनिज तेलात त्याच्या शेजारी त्याचा भाऊ फायटेन असतोच. दोघे एकमेकांना सोडत नाहीत. इथे भाऊ कुठे आहे?"

मायकेनने कागद जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

"नाही," ती हळूच म्हणाली. "प्रयोगशाळेने एकूण आकडा कळवला आणि मी तो धरून चालले."

"आणि हा दुसरा सुळका, स्क्वालीन. हा जमिनीखालून येत नाही, शरीरातून येतो. हे डिझेल नाही, मुली. एखाद्या जिवंत प्राण्याच्या अंगातलं तेल आहे."

मला हायसं वाटलं. मी टोपी उचलली. पण मायकेनने मान हलवली.

"नियम एकूण आकडा बघतो. उद्या माझा वरिष्ठ विचारेल, डिझेल नाही तर हे एवढं आलं कुठून? बंदराजवळच का? तुम्ही मला मूळ दाखवा, मी माझ्या हाताने पाटी काढते. नाहीतर सोमवारी मला सील लावावंच लागेल."

"रास्त आहे," बोर्गनी म्हणाली. "चिखल गोळा केला त्या दिवसाचं सांग. काहीही सांग, काय खाल्लंस तेसुद्धा."

मायकेन हसली. चिखल उचलायचा लोखंडी पंजा तिने मुख्य भूमीवर स्वच्छ धुऊन आदल्या संध्याकाळी तोर्मुनच्या धक्क्यावर आणून ठेवला होता. बोट तोर्मुननेच दिली, पैसे घेतले नाहीत, वर माशाचे वडे बांधून दिले. सकाळी तिथूनच सुरुवात केली, मग पुढे पुढे बाहेरच्या खडकांपर्यंत. दर वेळी पंजा समुद्राच्या पाण्याने खळबळून घ्यायचा.

"आणि पंपाखालचा चिखल?"

"तो परतताना, सगळ्यात शेवटी. सकाळी तिथे फेरी उभी होती. दिवस छान गेला खरं तर. आमचा तो पंजा एरवी इतका किंचाळतो, की कानात कापूस घालावा लागतो. इथली हवा त्यालाही मानवली असावी."

बोर्गनीने आभार मानले. बाहेर पडल्यावर ती इतकी भरभर चालू लागली, की मला मागून हाक मारावी लागली.

"कुठे चाललीस?"

"ज्यांना आल्फदिस नकोशी असेल त्यांच्याकडे."

३

बेटावर अशी दोनच माणसं निघाली असती. पहिला आयलिफ. त्याची जुनी मासेमारीची बोट खाडीच्या टोकाला अर्धी बुडालेली आहे आणि ती काढून घे म्हणून आल्फदिस दरवर्षी ग्रामसभेत त्याची खरडपट्टी काढते. आम्ही त्याचं फाटक ढकललं तर ते असं करकरलं, की छपरावरचे सीगल उडाले.

"या, या," आयलिफ म्हणाला. "बोर्गनी, तूच सांग. खाली तेल लागलंय ना? आपल्या खाडीखाली? मी ऐकलंय, आपोआप झिरपून वर येतं."

"येतं काही ठिकाणी. इथे नाही. इथला खडक त्या कामाचा नाही."

त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याने मनातल्या मनात नवीन बोट घेऊन टाकली होती.

"तुझ्या जुन्या बोटीत इंजिनाचं तेल आहे?"

"इंजिनच नाही. आल्फदिसच्या मेहुण्याला विकलं कधीच. तिला सांगू नका, तिला वाटतं मी तिचं ऐकत नाही."

दुसरा तोर्मुन. त्याचं घर पंपापासून हाकेच्या अंतरावर, आणि गेली कित्येक वर्षं दोघांचं पटत नाही. का पटत नाही हे आता दोघांनाही आठवत नसावं. आम्ही गेलो तेव्हा तो बोटीच्या शेडमध्ये होता. मी ते मोठं लाकडी दार ढकललं आणि तोंडावर पडता पडता वाचलो, इतकं ते अलगद सरकलं.

"सांभाळून," तोर्मुन म्हणाला. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. चौकशी करायला आलोय हे त्याला कळलं होतं, तरी आधी त्याने कॉफी ओतली, बिस्किटं काढली आणि बोर्गनीसाठी खुर्ची पुसली.

"माझे शिंपले दोरावर लटकलेत आणि मला विकता येत नाहीत," तो म्हणाला. "मला कुणाशी वैर नाही. पण पंप तिचा आहे."

"तवंग कुठे दिसला होता?"

त्याने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. वरच्या दलदलीतून पाझरणारं पाणी खडकांच्या खळग्यात साचलं होतं आणि त्यावर निळा, जांभळा, सोनेरी असा तवंग चमकत होता. मला वाटलं, संपलं, आता आल्फदिसचं काही खरं नाही.

बोर्गनीने काठी घेतली आणि तवंगात खुपसली. तवंगाचे तुकडे झाले, पातळ काचेसारखे, आणि ते वेगवेगळेच तरंगत राहिले.

"तेल असतं तर काठी काढताच पुन्हा जुळलं असतं," ती म्हणाली. "ही दलदलीतल्या लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंची साय आहे. आपल्या आज्यांच्या वेळेपासून इथे येते."

तोर्मुन त्या तुकड्यांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तवंग नसेल तेलाचा," तो शेवटी म्हणाला. "पण चिखलात तर निघालं ना? ते काय मी टाकलं?"

बोर्गनी काही बोलली नाही. आणि माझी बायको गप्प बसते तेव्हा मला तिची काळजी वाटत नाही, समोरच्याची वाटते.

४

रविवारी सकाळी मी पावाला लोणी लावत होतो. बोर्गनी समोर बसून त्या बरण्या कुठे कुठे भरल्या ते बोटाने टेबलावर रेखाटत होती. आत जास्त, बाहेर कमी, पंपाखाली काहीच नाही. दोन दिवस तिचं हेच चाललं होतं. जेवणात लक्ष नव्हतं आणि माझ्या बोलण्यात तर आधीपासूनच नव्हतं.

"त्याच सुरीने पाव कापू नकोस रे," ती अचानक म्हणाली. "सगळ्या पावाला लोणी लागतं."

"सगळ्या कुठे? पहिल्या कापाला लागतं. मग कमी कमी होत जातं. शेवटचा बघ, कोरडा आहे."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने माझ्या टकलावर ओठ टेकले. हे आमच्याकडे रोज होत नाही, म्हणून नमूद करतो.

"आस्लाक, आम्ही दोघी शिकलेल्या बायका जागेच्या मागे लागलो. आत जास्त, बाहेर कमी. पण मायकेनने सुरुवात आतून केली आणि ती बाहेर गेली. म्हणजे पहिल्या बरणीत जास्त, नंतरच्या बरणीत कमी, असंही म्हणता येतं ना? दोन्ही गोष्टी एकाच रांगेत आल्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. वेगळी पडली ती एकच बरणी, पंपाखालची. बंदरात सगळ्यात आत, पण भरली सगळ्यात शेवटी."

"आणि ती कोरडी निघाली," मी म्हणालो. माझ्याही डोक्यात आता उजेड पडत होता.

"तेल चिखलात नव्हतंच. पंजावर होतं. दर वेळी पाण्यात बुडून थोडं थोडं सुटत गेलं."

"पण तिने तो धुऊन आणला होता."

"धुतलेला पंजा रात्रभर धक्क्यावर होता. एरवी किंचाळतो, इथे आल्यावर गप्प झाला. हवेने लोखंड गप्प होतं का? कुणीतरी बिजागरीत तेल घातलं. आणि दुकानातलं नाही. प्रिस्टेन आणि स्क्वालीन एकत्र कशात असतात सांगू? मोठ्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताच्या तेलात."

मी पाव खाली ठेवला. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या मुशीची शिकार केली. तिचं तेल कधी गोठत नाही, कधी चिकट होत नाही. एकेकाळी प्रत्येक शेडमध्ये त्याचा डबा असे.

"आता कुणाकडे असणार?" मी विचारलं.

"या खाऱ्या वाऱ्यात सगळ्या बेटावर बिजागऱ्या करकरतात. आयलिफचं फाटक ऐकलंस. आल्फदिसच्या दुकानाच्या दाराला तर घंटाच लागत नाही. तू परवा कुठे तोंडावर पडणार होतास?"

५

सोमवारी सकाळी धक्क्यावर अर्धं बेट जमलं होतं. आल्फदिसने केस नीट बांधले होते आणि चांगला कोट घातला होता, जणू कुणाला शेवटचा निरोप द्यायचा आहे. मायकेन हातात सील घेऊन उभी होती. बोर्गनीने आधीच सांगून तो लोखंडी पंजा धक्क्यावर आणवला होता.

आयलिफने पान्याने बिजागरीचा खिळा काढला. बोर्गनीने आतून पांढरं फडकं फिरवलं आणि मायकेनच्या हातात दिलं.

"वास घे."

मायकेनने घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मासा. जुना मासा."

फडकं हातोहात फिरलं. म्हाताऱ्या मंडळींना दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

बोर्गनीने मग सगळं सांगितलं. वरात नसलेला आलेख, भाऊ हरवलेला प्रिस्टेन, आतून बाहेर भरत नेलेल्या बरण्या, शेवटची कोरडी बरणी. हळू, एकेक पायरी, पुढे गेलेल्याला मागे यायला लावून आणि मागे राहिलेल्याचा हात धरून. शेवटी ती तोर्मुनकडे वळली.

"पंजा तुझ्या धक्क्यावर होता, तोर्मुन. तू त्याचं काय केलंस?"

मला वाटलं तो नाकबूल करेल. पण तोर्मुन खरोखर चकित झाला होता. ज्या गोष्टीचा त्याने विचारच केला नव्हता ती कुणीतरी अंगावर फेकली होती.

"संध्याकाळी तो उतरवताना करकरला," तो म्हणाला. "पाहुणीला माझ्या बोटीवरून जायचं होतं. आपल्याकडे करकरतं सामान कुणी पाहुण्याच्या हातात देतं का? माझ्या बोटीवरचं सामान म्हणजे माझंच की. बापाच्या डब्यातलं तेल घातलं, भरपूर घातलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?" मायकेनने विचारलं.

"केलेली मदत बोलून दाखवायची?" त्याला तो प्रश्नच समजला नाही. आणि खरं सांगतो, तिथे उभ्या असलेल्या एकालाही समजला नाही. आमच्याकडे तसं करतच नाहीत. आम्ही एकमेकांसाठी काही केलं तर चोरून करतो आणि कुणी पकडलं तर रागावतो.

मायकेनने सील खिशात घातलं. दुकानात जाऊन तिने वरिष्ठाला फोन लावला. काचेतून तिचे हातवारे दिसत होते. बाहेर आली तेव्हा ती सरळ पंपाकडे गेली आणि तिने पाटी उतरवली.

"नमुनेच बाद, तर आदेश कुठला राहतो? मी नव्याने चिखल नेईन. पंजा उकळून, आणि माझ्याच खोलीत ठेवून. चूक माझी झाली, आल्फदिसबाई. धुतल्यावर तो नजरेआड करायला नको होता."

"दोन वॅफल खाऊन जा," आल्फदिस म्हणाली. बोर्गनीने तिचा हात धरला. मला फार बरं वाटलं. बायकोचा अभिमान वाटला आणि ते मी तिला तिथेच सांगून टाकलं. ती म्हणाली, लोक बघतायत.

मग सगळे तोर्मुनकडे बघू लागले. महिनाभर या माणसाने आल्फदिसचं नाव घरोघर पोचवलं होतं. त्याच्या शिंपल्यांवरचा ठपका आता पुसला जाणार होता, पण त्याला त्याचा आनंद दिसत नव्हता. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला, मग धक्क्याच्या पायऱ्या उतरून निघून गेला.

"जाऊ दे त्याला," आयलिफ म्हणाला. "माफी मागायची त्याच्या घराण्याला सवय नाही."

लोक पांगू लागले होते, तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. तोर्मुन आपली बोट घेऊन घराकडून येत होता. तक्रार केल्यापासून त्याने इथे डिझेल घेतलं नव्हतं. तासभर बोट हाकत मुख्य भूमीवर जायचा, तत्त्व म्हणून. त्याने बोट पंपाखाली आणली, दोर बांधला आणि वर बघितलं.

आल्फदिसही खाली बघत होती. मला वाटलं ती पाठ फिरवेल. तिचा तो हक्क होता.

"किती?" तिने विचारलं.

"भरून टाक," तोर्मुन म्हणाला. "काठोकाठ. आणि यापुढे दर वेळी."

मग तिने चांगल्या कोटाच्या बाह्या वर केल्या, नळी खाली सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"तूच धर," ती म्हणाली. "आणि सांडू नकोस. लोक माझं नाव घेतात."